प्रत आणि संहिता : जुन्या ग्रंथांच्या मिश्रमाध्यम रूपांतराविषयी, भिलाईच्या संदर्भात

जुने पुस्तक निरुपयोगी केव्हा ठरते, या प्रश्नाला ग्रंथपालाचे उत्तर एक असते, रद्दीवाल्याचे दुसरे आणि चित्रकाराचे तिसरे. ग्रंथपाल जीर्ण प्रत दाखल नोंदवहीतून कमी करतो. रद्दीवाला ती तोलून घेतो. चित्रकार तिची पाने कापतो, रंगवितो, त्यांवर कापड, धागा, छायाचित्र, पत्रा चिकटवितो आणि त्यातून एक मिश्रमाध्यम कलाकृती सिद्ध करतो. या तिसऱ्या व्यवहाराकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी बहुधा कलासमीक्षेचा प्रांत म्हणूनच पाहिले आहे. वस्तुतः पान कापणारा कलावंत आधी ते वाचतो. काय ठेवायचे आणि काय झाकायचे याचा निर्णय करणे हा अर्थनिर्णयनाचाच एक प्रकार होय. म्हणून हा व्यवहार भाषांतर, टीका आणि संपादन यांच्या शेजारी ठेवून तपासणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न भिलाईच्या संदर्भात उपस्थित करण्यास कारण आहे. या प्रदेशाचा मराठीशी संबंध नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासूनचा. पेंड्र्याहून 1900 साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या माधवराव सप्रे यांच्यामुळे तो संबंध वाङ्मयीन इतिहासात नोंदला गेला. भिलाईचा मराठी समाज मात्र बव्हंशी नंतरचा. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या नव्या गावी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. विदर्भातून आलेल्या माणसाच्या ट्रंकेत चार-दोन पुस्तके असत. कारखान्याच्या क्वार्टरात तीन-चार दशके राहिलेल्या कुटुंबाला निवृत्तीच्या सुमारास बहुधा घर बदलावे लागते. तोवर मुलांचे शिक्षण हिंदी वा इंग्रजी माध्यमातून झालेले असते. ट्रंकेतले पुस्तक अशा वेळी जुने होते, पण कागद पिवळा पडल्यामुळे नव्हे. त्याचा वाचक त्याच्याआधी संपल्यामुळे. अशी पुस्तके रद्दीत घालण्याऐवजी त्यांची कलाकृती करावी, ही सूचना आज कोणत्याही शहरात सहज केली जाते आणि ती सद्भावनेची असते. तिची परीक्षा मात्र या विशिष्ट प्रकारच्या जुनेपणाच्या संदर्भातच व्हावयास हवी.

या कलाप्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण इंग्लंडमधील आहे. 1966 साली टॉम फिलिप्स या चित्रकाराने लंडनमधील जुन्या सामानाच्या एका दुकानातून डब्ल्यू. एच. मॅलॉक याची ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’ (1892) ही विस्मृत कादंबरी तीन पेन्सला विकत घेतली. तिच्या प्रत्येक पानावर चित्र काढून, मधले मोजके शब्द उघडे ठेवून, त्याने ‘अ ह्यूम्युमेंट’ हा ग्रंथ घडविला. पहिली व्यापारी आवृत्ती 1980 ची. अखेरची, सहावी, 2016 ची. म्हणजे एका कादंबरीचे वाचन पन्नास वर्षे चालू राहिले आणि आवृत्तीगणिक पाने नव्याने रंगविली गेली. फिलिप्सने या कादंबरीतून टोज नावाचा एक नवाच नायक शोधून काढला. मूळ पानावर ‘टुगेदर’ किंवा ‘ऑलटुगेदर’ हा शब्द असेल तेथेच या नायकाला प्रकट होता येते, कारण त्याचे नाव त्या शब्दांच्या पोटातूनच कोरून काढलेले आहे. एकत्र असण्याच्या शब्दातून एकाकी प्रियकराचे नाव निघावे, यातील विनोद आणि कारुण्य दोन्ही लक्षणीय आहेत. मॅलॉकची कादंबरी आज जी वाचली जाते ती बहुशः फिलिप्समुळे, हेही मान्य करावे लागेल.

त्याच वर्षी, त्याच शहरात, याच्या उलट टोकाचे एक उदाहरण घडले. सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकविणाऱ्या जॉन लॅथम याने क्लेमंट ग्रीनबर्ग याचे ‘आर्ट अँड कल्चर’ हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून आणले, आपल्या घरी जमलेल्या मंडळींना त्याची पाने चावून थुंकावयास सांगितली, आणि त्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो द्रव एका कुपीत भरला. पुढे एका विद्यार्थ्याला ते पुस्तक तातडीने हवे असल्याची सूचना ग्रंथालयाकडून आली, तेव्हा त्याने ती कुपी परत केली. त्याची नोकरी गेली. कुपी, पत्रे आणि चामड्याची पेटी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात पोहोचली. या कृतीची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि वाचन म्हणून तिचे मूल्य अल्प आहे असेच म्हणावे लागते. ग्रीनबर्गचे एकही विधान या कुपीमुळे अधिक कळत नाही किंवा खोटे ठरत नाही. लॅथमने पुस्तकाची वस्तू नष्ट केली आणि संहितेला स्पर्शही केला नाही. कलाचर्चेत सहसा मागे पडणारी एक व्यक्ती येथे आहे, ती म्हणजे ग्रंथालयात तिष्ठत बसलेला तो विद्यार्थी. लंडनमध्ये त्याची गैरसोय तात्पुरती होती. दुसरी प्रत मिळणे अवघड नव्हते.

तिसरे उदाहरण भाषांतराच्या अभ्यासकाला अधिक बोलावणारे आहे. ब्रूनो शुल्ट्‌स या पोलिश लेखकाचा 1934 चा कथासंग्रह सेलिना विएनियेव्हस्का यांनी 1963 साली ‘द स्ट्रीट ऑफ क्रॉकडाइल्स’ या नावाने इंग्रजीत आणला. जोनाथन सॅफ्रन फोअर याने 2010 साली त्या इंग्रजी संहितेतील बहुतेक शब्द पानापानांतून अक्षरशः कापून काढले आणि उरलेल्या शब्दांची ‘ट्री ऑफ कोड्स’ ही नवी कथा केली. हे नावही मूळ शीर्षकातील अक्षरे गाळून मिळविलेले आहे. शुल्ट्‌स 1942 मध्ये नाझींच्या गोळीला बळी पडला आणि त्याचे बरेच लेखन नाहीसे झाले. पानांतील भोके त्या नाहीशा झालेल्या लेखनाकडे बोट दाखवितात, असा या कृतीचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो, आणि तो ग्राह्य आहे. परंतु कात्री चालली ती पोलिश शब्दांवर नव्हे, एका भाषांतरकर्तीच्या इंग्रजीवर. दुःखस्मरण शुल्ट्‌सचे आणि कापलेली वाक्ये विएनियेव्हस्कांची, ही विसंगती समीक्षकांनी पुरेशी नोंदविलेली दिसत नाही.

ही तिन्ही उदाहरणे रोमन लिपीतील आहेत. ती जशीच्या तशी देवनागरीत उतरतील असे गृहीत धरणे योग्य होणार नाही. रोमन लिपीत अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. देवनागरीत ती शिरोरेषेला टांगलेली असतात आणि कापण्याचे एकक वर्ण नसून अक्षर असते. ‘धर्म’ या शब्दातला ‘म’ सुटा कापू गेल्यास त्याच्या माथ्यावरचा रफार बरोबर येतो आणि जे हाती लागते ते वाचता येत नाही. जोडाक्षरे तर फोडताच येत नाहीत. उलटपक्षी मराठीचे विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने वेगळ्याच शक्यता निर्माण होतात. ‘घरात’ या साध्या सप्तमीच्या पोटात ‘रात’ आहे. ‘पुस्तकात’ या रूपातून ‘कात’ निघते, विड्याची आणि सापाचीही. ‘आठवण’ या शब्दाचा पूर्वार्ध झाकला की ‘वण’ उरतो. फिलिप्सला टोज सापडावा त्याच जातीचे हे शोध आहेत. मात्र ते प्रत्यय आणि धातू यांच्या सांध्यांवर घडतात, म्हणून मराठीत या प्रकारच्या कलाकृतीला व्याकरणाची जाण अपरिहार्य ठरेल. मोडी कागदाची गोष्ट आणखी निराळी. तेथे रेघ आधी ओढतात, अक्षरे मागाहून लिहितात, आणि शब्दाशब्दांत अंतर राखण्याचा प्रघात नाही. तेव्हा शब्द उघडा ठेवावयाचा तर तो कोठे संपतो हे आधी ठरवावे लागते. मोडी वाचणाऱ्याचे निम्मे काम तेच असते. सजावटीसाठी मोडी दस्तऐवजाचे तुकडे वापरणाऱ्यांना सहसा याची कल्पना नसते. त्यांना अक्षरांची नक्षी तेवढी हवी असते.

मराठी परंपरेत बदललेल्या, इजा झालेल्या पुस्तकाचा विचारच नाही, असा समज यावरून होऊ नये. या परंपरेच्या मध्यभागी एक भिजलेली वही आहे. तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांच्या उपोषणानंतर त्या वर आल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. चमत्काराचा आशय असा की वह्या कोरड्या राहिल्या. तथापि देहूच्या देवळात जे हस्तलिखित तुकारामांच्या हातचे म्हणून दाखविले जाते त्याला लोकांनी नाव दिले ते ‘भिजकी वही’. श्रद्धेला कोरडेपणाचा पुरावा हवा होता, पण जिभेवर ओल राहिली. अरुण कोलटकर यांनी 2003 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहासाठी हेच नाव निवडले. त्या संग्रहातील रडणाऱ्या स्त्रियांमध्ये अलेक्झांड्रियाची हायपेशिया आहे, तशीच पतीच्या कविता कागदावर न ठेवता मुखोद्गत करून वाचविणारी नादेझ्दा मांदेलश्तामही आहे. ग्रंथ जळतात, जप्त होतात, भिजतात; त्यानंतर कोण काय सांभाळते, या प्रश्नाभोवती तो संग्रह फिरतो. कोलटकरांनी वहीला कात्री लावली नाही. तिचा ओलावा हीच तिची संहिता मानली.

या वहीचा पुढचा इतिहास अधिक बोलका आहे. ‘सेज तुका’ (1991) या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत दिलीप चित्रे यांनी नोंदविले आहे की विसाव्या शतकाच्या आरंभी या हस्तलिखितात सुमारे सातशे अभंग असल्याची नोंद आहे, आज त्यात अडीचशेच्या आसपास उरले आहेत, आणि मूळची नक्कल पंढरपुरास आहे. मधली पाने नदीने नेली नाहीत. विश्वस्तांच्या भरवशाचा फायदा घेऊन अभ्यासासाठी वही नेणाऱ्यांनी ती नेली, असा चित्र्यांचा निष्कर्ष आहे. सक्तीने बुडविणाऱ्यांच्या हातून जे वाचले त्याचा मोठा हिस्सा विद्येच्या नावाखाली गेला. येथे एक भेद स्पष्ट होतो आणि प्रस्तुत विवेचनाचा तोच आधार आहे. अभंग, म्हणजे संहिता, गेले नाहीत: ते पंढरपूरच्या नकलेत आहेत, संताजी जगनाडे यांच्या वह्यांत आहेत, वारकऱ्यांच्या कंठात आहेत. जी गेली ती प्रत. तिच्यावरचा हात, शाई, डाग, पानांचा क्रम यांची भरपाई दुसऱ्या कोणत्याही वहीने होत नाही.

भिलाईपासून पूर्वेकडे, महानदीच्या खोऱ्यात, याच्या नेमके उलट घडलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून सुरू झालेल्या रामनामी समाजाने ‘राम’ ही दोन अक्षरे ग्रंथातून उचलून अंगावर गोंदविली, पांढऱ्या ओढणीवर काळ्या रंगात लिहिली. मोरपिसांचा मुकुट, पायांतील घुंगरू, त्वचा, कापड आणि कंठ मिळून जे तयार होते त्याला मिश्रमाध्यम म्हणण्यास कलाशास्त्राची हरकत असू नये. या समाजाविषयी परीक्षणार्थ महत्त्वाची असणारी बाब मात्र गोंदण्यापेक्षा वाचनाची आहे. रामदास लँब यांनी ‘रॅप्ट इन द नेम’ (2002) या अभ्यासात दाखविले आहे की रामनामी भजनात ‘रामचरितमानस’ सलग गात नाहीत. ते निवडक चौपाया गातात, आणि जातिश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारा किंवा स्त्रीला हीन लेखणारा भाग बाजूला ठेवतात. ज्यांना मंदिराचे दार बंद होते त्यांनी तुलसीदासांच्या ग्रंथातून आपला ग्रंथ वेचून काढला. फिलिप्सचे काम पाहताना जो कौतुकाचा स्वर सहज निघतो तो येथे अधिक विचारपूर्वक निघावयास हवा, कारण या निवडीला कोणत्याही पुस्तकाची प्रत खर्ची पडली नाही आणि तिची किंमत माणसांनी आपल्या कातडीवर मोजली. पुढच्या पिढ्यांत सर्वांगावर गोंदण्याचे प्रमाण घटत गेले आहे. रामनामी माणसाबरोबर ही प्रत जाते. तिची दुसरी आवृत्ती निघत नाही.

कापण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या टापूत आणखी एका प्रसंगाने उभा केला आहे. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. राजनांदगाव तेव्हा भिलाईप्रमाणेच दुर्ग जिल्ह्यात होते. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले महत्त्वाचे कवी-कादंबरीकार-समीक्षक. मुक्तिबोधांनी शाळेसाठी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने 1962 साली बंदी घातली. दोन वर्षांनी, सप्टेंबर 1964 मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रहही त्यांना पाहता आला नाही. ते पाठ्यपुस्तक पुढे पुन्हा प्रकाशित झाले, म्हणजे संहिता वाचली. परंतु बंदीपूर्वी मुलांच्या दप्तरात गेलेल्या आणि नंतर कोठेतरी माळ्यावर पडून राहिलेल्या प्रतीचे महत्त्व पुनर्मुद्रणाने उणे होत नाही. शाळेचा शिक्का आणि मुलाचे नाव असलेले ते पुस्तक एका घटनेचा दस्तऐवज ठरते. दिसण्यात ती एक फाटकी क्रमिक प्रत असते, आणि मिश्रमाध्यमासाठी पुस्तके निवडणारा हात सर्वप्रथम अशाच प्रतीकडे जातो, हे ध्यानात घ्यावे लागेल.

पुस्तकाचा लगदा करून वस्तू घडविणे आपल्याकडे नवे नाही. जुने कागद भिजत घालून, मेथ्यांसह कुटून, त्याच्या टोपल्या करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघर होती. त्या टोपलीत पुस्तकाचे काही उरत नसे, आणि उरावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तो व्यवहार प्रामाणिक होता. भट्टीत भंगार घातले जाते त्याच जातीचा: रूळ की तुळई, हे वितळल्यावर विचारायचे नसते. आजच्या पुष्कळशा पुस्तक-कलाकृती या टोपलीच्या जवळच्या आहेत, पण त्या स्वतःला वाचन म्हणवितात. पाने दुमडून केलेली फुले, पुठ्ठ्यांवर चिकटविलेली घड्याळे यांत मूळ पुस्तक कोणते होते याने काही फरक पडत नाही. फिलिप्सच्या पानातून मॅलॉक बाजूला करून पाहावा, कलाकृती कोसळते. एवढी एक परीक्षा लावली तरी या क्षेत्रातील बरीचशी गर्दी ओसरेल.

भिलाईला मात्र ही परीक्षाही पुरत नाही. शिल्पा गुप्ता यांच्या ‘समवन एल्स’ (2011) या मांडणीत टोपणनावाने वा निनावी लिहिल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची रूपे स्टेनलेस स्टीलमध्ये कोरलेली आहेत. नाव का लपविले गेले त्याचे कारण त्यांवर आहे, आत पाने नाहीत. पोलादाच्या गावी पोलादी पुस्तकांची आठवण काढणे थोडे सोयीचे वाटेल. पण या कृतीचा विशेष धातूत नाही. एकही छापील प्रत न कापता पुस्तकाच्या बाहेर राहिलेली माहिती, म्हणजे खरे नाव आणि ते झाकण्याचे कारण, त्यांनी पुस्तकाच्या अंगावर आणली आहे. भिलाईतल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही बाहेरची माहिती बहुतांशी पहिल्या कोऱ्या पानावर असते. आतली कादंबरी पुण्यामुंबईच्या कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळेल. अर्पणाची ओळ, भेट देणाऱ्या मावशीची सही, मुंजीची तारीख, नागपूरच्या दुकानाचा शिक्का, खाली बदललेला सेक्टरचा पत्ता, एखाद्या वाचनालयाचा दाखल क्रमांक हे मात्र त्या एकाच प्रतीत असते. एका भाषिक समाजाच्या स्थलांतराचा हा लेखी पुरावा आहे, आणि तो कोणत्याही सूचीत नोंदलेला नाही. बांधणी उसवून पाने मोकळी करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत सर्वांत आधी सुटून पडते ते हेच पान. त्यावर छापील मजकूर नसल्यामुळे ते चिकटविण्याच्याही उपयोगाचे नसते आणि टेबलाखाली जाते.

जो कलावंत कामाची सुरुवात त्या पानापासून करील, त्यावरील नावे आधी उतरवून घेईल, आणि मग आतल्या छापील मजकुराला रंग लावील, त्याच्या हातून भिलाईची म्हणता येईल अशी कलाकृती होण्याची शक्यता आहे. देहूच्या वहीचे उरलेले अभंग काचेआड आहेत; पंढरपूरची नक्कल कोणीतरी वेळेवर केली होती.